हाल डॉट डीएलएल

घरातला बंद पडलेला कॉम्प्युटर जो कधीही दुकानात नेत नाही, त्याला दुरुस्तीकाका म्हणतात. हा प्रकार देशभर आढळतो, पण अस्सल नमुना पाहायचा तर जबलपूरला जावे. राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार, मदनमहाल या भागांतल्या मराठी घरांत तो अजून टिकून आहे. वय पासष्ट ते ऐंशी. घरी लेंगा-बनियन, बाहेर इस्त्रीचा बुशशर्ट. खिशाला टेस्टर. पेन एखादे वेळी विसरेल, टेस्टर नाही.

जबलपूरला मराठी माणूस दोन वाटांनी आला. काही घराणी अठराव्या शतकाच्या अखेरीस भोसल्यांच्या अमलाबरोबर नर्मदेकाठी आली. बाकीची मध्यप्रांताच्या काळात कोर्ट, कचेरी, रेल्वे आणि शाळा यांच्या मागे आली. तेव्हा राजधानी नागपूर होती आणि जबलपूरला बदली झाली तर कोणी डोळे पुसत नसे. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. या घरांनी जागा सोडली नाही, राज्यच त्यांच्या पायाखालून सरकले. दुरुस्तीकाकाला हा इतिहास पाठ असतो. स्वतःच्या कॉम्प्युटरबद्दलही त्याचे म्हणणे हेच : मशीन जागच्या जागी आहे, जग सरकलं.

तरी दुरुस्तीकाका खरा घडतो तो कारखान्यात. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. यांपैकी एकीत त्याची पस्तीस वर्षे गेलेली असतात. सकाळी टोकन देऊन हत्यार घ्यायचे, संध्याकाळी हत्यार देऊन टोकन घ्यायचे. तिथल्या जगात वस्तू तीनच प्रकारच्या : सर्व्हिसेबल, रिपेअरेबल आणि अनसर्व्हिसेबल. तिसऱ्या वर्गात काही टाकायचे तर बोर्ड बसतो, सह्या लागतात आणि सही करणारा एक मेंबर नेमका रजेवर असतो. ‘हरवले’ असा वर्गच नाही. हरवलेल्या वस्तूची चौकशी होते. कारखान्यांच्या २०२१मध्ये कंपन्या झाल्या, पाट्या बदलल्या. दुरुस्तीकाका मात्र आजही ‘जीसीएफ’ आणि ‘व्हीएफजे’ म्हणतो, आणि कोणी नवे नाव घेतले तर ऐकू न आल्यासारखे करतो.

त्याच्या घरातला कॉम्प्युटर २००३-०४च्या सुमाराचा, सुटे भाग जुळवून घेतलेला. आणला मुलांच्या अभ्यासासाठी. मुले पुण्याला आणि बंगळूरला गेली, कॉम्प्युटर राहिला. त्यात विंडोज एक्सपी आहे, म्हणजे २००१च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेली यंत्रणा. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला तिच्यावरचा हात काढून घेतला. या बातमीचा दुरुस्तीकाकावर शून्य परिणाम झाला. जिच्या नावातच जबलपूर आहे ती जोंगा जीप कारखान्याने १९९९ला बनवायची थांबवली, म्हणून लिलावात घेतलेल्या जोंगा काय रस्त्यात थांबल्या?

याहून मोठा पुरावाही त्याच्याजवळ असतो, आणि तो पाहुण्याला चहाआधीच ऐकावा लागतो. बोफोर्स तोफांचा करार १९८६चा. तोफांबरोबर त्यांच्या बनावटीचे कागदही आले आणि कपाटात गेले. पुढे त्याच कागदांच्या पायावर गन कॅरेज फॅक्टरीत ‘धनुष’ तोफ उभी राहिली आणि पहिल्या सहा तोफा लष्कराच्या हवाली झाल्या त्या ८ एप्रिल २०१९ला. म्हणजे एक्सपी वाऱ्यावर सोडली त्याच तारखेला, पाच वर्षांनी. या योगायोगातून काहीही सिद्ध होत नाही. दुरुस्तीकाका मात्र त्यातून एवढे नक्की सिद्ध करतो की कोणतीही फाइल फेकायची नसते.

आणि नेमकी फाइलच जाते. मे महिन्यातली दुपार, पारा चव्वेचाळीसच्या पुढे, कूलरची घरघर, आणि वीज जाते. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते. ती बदलायची नोंद डायरीत मात्र जिवंत आहे. कॉम्प्युटर त्या क्षणी डिस्कवर काहीतरी लिहीत असतो, ते अर्धेच लिहून होते. वीज आल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत निरोप येतो की अमुक फाइल मिसिंग ऑर करप्ट. पहिला शब्द दुरुस्तीकाकाला मान्य नाही. दुसरा शब्द तो सरकारी नोकरीमुळे ओळखतो.

“फाइल गेली नाही हो, इकडेतिकडे झाली,” असे तो घरात जाहीर करतो आणि पडदा पुसतो.

सर्वांत सौम्य निरोप ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हा. एनटीएलडीआर ही सी ड्राइव्हच्या तोंडाशी बसलेली छोटी फाइल, विंडोजला हाक मारून उठवणारी. पुष्कळदा ती जागेवरच असते. आदल्या दिवशी खणात राहिलेली फ्लॉपी कॉम्प्युटर आधी वाचू पाहतो आणि तिच्यात एनटीएलडीआर नाही अशी तक्रार करतो. फ्लॉपी काढली की काम संपते. हे दुरुस्तीकाकाला ठाऊक असते, तरी तो फ्लॉपीकडे शेवटी पाहतो. आधी कॅबिनेट उघडून रॅमच्या पट्ट्या काढल्या जातात आणि त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले जातात. पावसाळ्यात या दातांवर खरोखरच थर बसतो, त्यामुळे या विधीला शास्त्राधार आहे. उन्हाळ्यात तो श्रद्धेने केला जातो.

दुसरा निरोप हाल डॉट डीएलएलचा. इंग्रजीत या अक्षरांचा अर्थ यंत्र आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा. मराठी घरात तो निरोप वाचल्याबरोबर समजतो, भाषांतर लागत नाही. गंमत अशी की इथे नाव येते हालचे आणि दोष बहुधा असतो बूट डॉट आयएनआय या दुसऱ्याच फाइलचा. विंडोज कितव्या डिस्कच्या कितव्या भागात आहे हा पत्ता त्या फाइलीत लिहिलेला असतो. मुलगा दिवाळीत येऊन डिस्कचे नवे भाग पाडून जातो, क्रमांक बदलतो, पण पत्ता जुनाच राहतो. पोस्टमन भलत्या दारावर जातो आणि हाल नावाचे कोणी इथे राहत नाही असा शेरा मारून परततो. इथे ‘बूटसीएफजी’ची आज्ञा देऊन पत्ता नव्याने लिहायचा असतो. दुरुस्तीकाका मात्र आधी हालचीच बदली करतो. बदलीने सुटत नाही असा प्रश्न त्याने नोकरीत पाहिलेला नाही.

बदलीची पद्धत मात्र तो निर्दोष पाळतो. एक्सपीची सीडी कपाटात, विम्याच्या पॉलिसीखाली ठेवलेली असते. ती आली कुठून हे विचारायचे नसते. पंचवीस अक्षरांची किल्ली कारखान्याच्या जुन्या डायरीत मागच्या पानावर आहे, आणि त्यात आठ की बी हा वाद वीस वर्षे चालू आहे. सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करायचा, निळ्या पडद्यावर ‘आर’ दाबायचे, एक आकडा दाबून आपली विंडोज निवडायची, पासवर्ड द्यायचा, की रिकव्हरी कन्सोल उघडते. ती फार आत येऊ देत नाही. ओसरी आणि माजघर, म्हणजे सी ड्राइव्हचे तोंड आणि विंडोजचा फोल्डर, एवढ्यातच फिरता येते. मुलांचे फोटो ठेवलेल्या खोलीला कुलूप असते. सीडीवर आय३८६ नावाचे कोठार आहे. तिथल्या बऱ्याच फाइली दाबून, घडी घालून ठेवलेल्या असतात आणि ओळखीसाठी नावाचे शेवटचे अक्षर काढून तिथे आडवी रेघ दिलेली असते. ‘एक्स्पांड’ म्हटले की घडी उलगडते. कोठारातून मालाची मागणी करायची, माल तपासायचा, जागेवर लावायचा : दुरुस्तीकाका निवृत्त झाला हे त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावरून कोणी सांगू शकणार नाही. प्रत्येक आज्ञा तो डायरीत तारखेसह लिहितो. खाली सही करतो. काउंटरसाइनची जागा रिकामी ठेवतो.

तिसरा निरोप गंभीर. रजिस्ट्रीच्या पाच फाइली आहेत : सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डिफॉल्ट. या पंचायतनात विंडोजला जे जे आठवते ते सारे असते. ते बिघडले तर रिपेअर नावाच्या फोल्डरमधले जुने पंचायतन आणून बसवता येते. पण त्या प्रती बहुधा विंडोज बसवली त्या दिवसाच्या असतात. कॉम्प्युटर उठतो, पण नवरी बोहल्यावरून थेट साठीशांतीला आली असे होते. मधला प्रिंटर, मधला अँटिव्हायरस, सुनेचा कॅमेरा, काही आठवत नाही. त्यात मदरबोर्डवरची तीन व्होल्टची बटणाएवढी बॅटरी संपलेली असली तर घड्याळही कुठल्यातरी जुन्या सालच्या १ जानेवारीवर जाते आणि बँकेची वेबसाइट, प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही म्हणून, उघडायला नकार देते. पुढे सिस्टिम रिस्टोअरच्या साठ्यातून अलीकडच्या प्रती उचलून स्मृती परत आणता येते. हे काम दीड दिवसाचे. दुरुस्तीकाका त्याला चार दिवस लावतो, आणि ते चार दिवस त्याचा रक्तदाब उत्तम असतो.

फाइली पळवणारे चोर बाहेरचेच असतात असे नाही. २१ एप्रिल २०१०ला मॅकअफी अँटिव्हायरसने एक्सपीतली एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइलच विषाणू समजून उचलली होती आणि जगभर कॉम्प्युटर बसले. दुरुस्तीकाका हा प्रसंग सिक्युरिटीच्या माणसांबद्दलचे आपले अनुभव सांगण्याआधी सांगतो. इंटरनेटवरून सुटी डीएलएल उतरवून घ्यायला त्याचा कडक विरोध असतो, आणि इथे त्याच्याशी कोणीही सहमत व्हावे. गोलबाजारच्या दत्तमंदिराबाहेर चप्पल सापडली नाही म्हणून दुसरीच पायात घालून यावी, तसे ते आहे. नंबर जुळतो, घरी आल्यावर दोन्ही डाव्या पायाच्या निघतात. शिवाय ती कोणाची होती ते कळत नाही.

‘एसएफसी’ ही आज्ञा सगळ्या मूळ फाइलींची हजेरी घेते आणि गैरहजर असेल तिच्या जागी सीडीवरून दुसरी आणते. पण घरातली विंडोज २००८च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकपर्यंत पोचलेली आणि सीडी मात्र पहिल्याच आवृत्तीची, अशी स्थिती असते. कॉम्प्युटर म्हणतो, ही सीडी चुकीची आहे. दुरुस्तीकाका सीडी काढतो, बनियनला पुसतो, पुन्हा घालतो. हा संवाद दुपारच्या चहापर्यंत चालतो.

काकूंच्या दृष्टीने यंत्रणेची फाइल एकच. पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ एक्सपीत सिस्टिम३२ या फोल्डरातच राहतो, हाल डॉट डीएलएलच्या शेजारी, तेव्हा त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खोडता येत नाही. “अहो, बाकीचं सावकाश करा, माझे पत्ते तेवढे आधी आणून द्या,” या सूचनेवर दुरुस्तीकाका प्राधान्यक्रम समजावून सांगतो आणि मग पत्ते आधी आणून देतो.

मराठीचा प्रश्न वेगळा. एक्सपीत देवनागरी झोपलेली असते. तिला उठवायला भाषेच्या खिडकीत एका चौकटीत खूण करावी लागते, आणि खूण केल्याबरोबर कॉम्प्युटर पुन्हा आय३८६ कोठार मागतो. सीडी ओरखडली असली की मराठीच्या जागी रिकामे चौकोन येतात. मंगल हा त्यातला फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पोटात एक मराठी सुलेखनकार आहे, हे दुरुस्तीकाका हिंदी शेजाऱ्यांना दरवर्षी सांगतो. त्याच्या स्वतःच्या जुन्या याद्या मात्र युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट उडाला तर गणेशोत्सवाच्या वर्गणीदारांच्या जागी इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसते. कोणी किती दिले ते तरीही दुरुस्तीकाकाला तोंडपाठ असते. कोणी दिले नाही ते अधिक.

दुरुस्तीकाकाचा नैसर्गिक शत्रू मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये राहतो. वय बावीस, हातात स्क्रू-ड्रायव्हर, डोळे मोबाइलमध्ये. दुरुस्तीकाका तिथे आयडीई केबल मागायला जातो. तो मुलगा मित्राला म्हणतो, “काए बड्डे, जे का होत है?” आणि दुरुस्तीकाकाला, “अंकलजी, फॉर्मेट मार देते हैं, आधे घंटे का काम है.” मुलाचे बरोबर असते. अर्ध्या तासात सगळे पुसून नवे बसते. पण जळलेल्या दिव्यासाठी कोणी घर पाडत नाही, हे हिंदीत कसे सांगावे याचा विचार करीत दुरुस्तीकाका पायऱ्या उतरतो. त्याचे हिंदी उत्तम आहे. तरी असे वाक्य त्याला घरी पोचल्यावर सुचते.

पुण्याचा मुलगा फोनवर म्हणतो, “बाबा, नवीन घ्या ना आता.” त्यावर, “याला काय झालंय?” असे बंद कॉम्प्युटरसमोर बसून उत्तर मिळते.

दुरुस्ती यशस्वी झाल्याची खूण म्हणजे कॅबिनेटचे झाकण. ते परत लावले जात नाही, कारण लगेच पुन्हा उघडावे लागेल. चार स्क्रू काचेच्या बरणीत जातात. बरणीत आधीचे अकरा असतात, त्यांचा हिशेब लागलेला नाही. कॉम्प्युटरवर काकूंनी शिवलेले छापील कापडाचे आवरण चढते आणि दुरुस्तीकाका तो सहसा चालू करीत नाही. चालू आहे हे माहीत असणे त्याला पुरते.

शेवटी डिस्क जाते. आधी टकटक, मग खरखर, मग काही नाही. त्यावर रिकव्हरी कन्सोल चालत नाही, खोडरबर चालत नाही. दिवाळीत मुलगा लॅपटॉप घेऊन येतो. दुरुस्तीकाका तो उलटासुलटा करून सीडी कुठून घालायची ते शोधतो. तशी जागा नाही असे कळल्यावर काही बोलत नाही. लॅपटॉपवर जुनेच आवरण चढते, बरेच मोठे होते. रिकाम्या खोक्यात मेलेली डिस्क, आयडीई केबल, बरणीतले पंधरा स्क्रू आणि सीडी व्यवस्थित ठेवली जाते. खोके माळ्यावर चढवण्याआधी दुरुस्तीकाका त्यावर मार्करने ‘सर्व्हिसेबल’ लिहितो आणि तारीख घालतो.