पाय उत्तम, पट बेपत्ता

मोसम सुरू होण्याआधी संघाची तपासणी करायची, कोण किती पळतो, कुणाचा दम टिकतो, कुणाचा गुडघा कुरकुरतो हे वाचकांना सांगायचं, ही क्रीडा-सदरांची जुनी रीत. क्रिकेटच्या बाबतीत हे काम प्रत्येक सलूनवाला कात्री चालवता चालवता करतो, त्यात माझी गरज नाही. म्हणून मी फुटबॉलकडे वळलो. इंडियन सुपर लीगच्या मोसमाची सुरुवात 14 फेब्रुवारी 2026 ला, महाराष्ट्राचा त्यात उरलेला एकुलता एक संघ म्हणजे मुंबई सिटी, आणि मी बसतो त्या गोंदियाहून त्यांचं अंधेरीचं मैदान सुमारे हजार किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेसमध्ये दुपारी बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरतो. एवढ्या लांबून केलेलं परीक्षण निःपक्षपाती असतं. जवळ गेलं की लोक हातात टी-शर्ट देतात आणि मग लेखणी मवाळ होते.

एकुलता एक का, तर पुण्याचाही संघ होता. 2019 मध्ये तो गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादवाल्यांनी ती काही वर्षं सांभाळली, एकदा करंडकही जिंकला, आणि 2025 मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. एका जागेनं सहा वर्षांत केलेली ही दौड अजून एकाही विंगरला जमलेली नाही. परीक्षकांनी नोंद घ्यावी.

आता मुंबई सिटीचे पाय. ते उत्तम आहेत, यात वाद नाही. मिझोरमचा लालियानझुआला छांगटे कडेनं निघाला की समोरचा बचावपटू आधी त्याच्याकडे बघतो, मग रेफरीकडे बघतो, मग आभाळाकडे. 2022-23 च्या मोसमात लीगमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता. दुसऱ्या कडेला बिपिन सिंग असायचा. 2021 च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला, जेव्हा बाकीच्यांना पाणी आणि स्ट्रेचर यांतलं काय आधी मागावं ते सुचत नव्हतं, तेव्हा यानं गोल करून मोहन बागानच्या हातातला करंडक काढून घेतला. 2024 च्या अंतिम सामन्यातही, तोही कोलकात्यात जाऊन, त्याचा गोल होता. तो बिपिन 2025 मध्ये ईस्ट बंगालकडे गेला. मेहताब सिंग मोहन बागानकडे गेला. आपला राहुल भेके त्याच्याही आधी बंगळुरूला परतला होता. म्हणजे मैदानावरची धाव शिल्लक आहे, पण क्लबातून बाहेर पडण्याची धाव जास्त विकसित झालेली दिसते.

या प्रकारात अव्वल कामगिरी मालकांची. नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपनं, मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला. जगभर क्लब चालवणारे लोक, परदेशी प्रशिक्षक, निळे शर्ट. वाटलं, आता अंधेरीतून थेट युरोपची गाडी सुटणार. डिसेंबर 2025 मध्ये त्यांनी लीगच्या भवितव्याबद्दलच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवलं आणि काढता पाय घेतला. चेंडू नसताना एवढ्या सफाईनं जागा सोडणं याला फुटबॉलमध्ये मोठी अक्कल लागते. उरले संस्थापक मालक. त्यांत रणबीर कपूर आहेत, म्हणजे निदान शेवट गोड करण्याचा अनुभव संघाकडे आहे.

पण एवढं सगळं तपासून झाल्यावर लक्षात येतं की चुकीच्या ठिकाणी स्टॉपवॉच धरलं. खेळाडू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळतोच. न पळणारी गोष्ट मोसम ही आहे. 11 जुलै 2025 ला लीग चालवणाऱ्या कंपनीनं कळवलं की मोसम तूर्त स्थगित. कारण काय, तर भारतीय फुटबॉल महासंघाशी 2010 साली झालेला पंधरा वर्षांचा, 700 कोटींचा करार 8 डिसेंबर 2025 ला संपत होता आणि पुढचं ठरलेलं नव्हतं. पंधरा वर्षांचा करार पंधरा वर्षांनी संपतो, ही गोष्ट संबंधितांच्या ध्यानात यायला पंधरावं वर्ष उजाडावं लागलं. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी पगार. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, मग निवृत्त न्यायमूर्तींच्या देखरेखीखाली निविदा. 7 नोव्हेंबर ही शेवटची तारीख. त्या दिवशी निविदापेटीत किती अर्ज निघाले? शून्य.

आमच्याकडे एखाद्या ग्रामपंचायतीनं चाळीस फूट नालीचं टेंडर काढलं तरी तिघं येतात, त्यांतले दोघं सख्खे भाऊ असतात आणि तिसरा त्यांचा साळा. देशाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगला साळाही मिळाला नाही.

दुसऱ्या क्रमांकाच्या लीगची गोष्ट तर अजून लांब धावली. तिथले सामने एप्रिल 2025 मध्ये संपले, पण विजेता कोण हे जुलैमध्ये कळलं, आणि तेही स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडून. महासंघानं करंडक गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला दिला होता, लवादानं तो इंटर काशीला दिला. गुणतक्ता इकडून लोझानला जाऊन परत आला. एवढा प्रवास त्या मोसमात कुठल्या राखीव खेळाडूच्याही वाट्याला आला नसेल.

अखेर 2 जानेवारी 2026 ला खेळाडूंनीच कॅमेऱ्यासमोर उभं राहून फिफाला हाक मारली, आम्हाला वाचवा म्हणून. चार दिवसांनी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी तारीख जाहीर केली. 14 संघ, 91 सामने, प्रत्येकाच्या वाट्याला 13. मागच्या मोसमात साखळीत प्रत्येक संघ 24 खेळला होता. तेव्हा दम पुरेल का, ही चिंता यंदा कुणी करू नये. निम्म्या मोसमाला निम्मा दम पुरतो.

आता वाचक विचारतील, यात गोंदियाचा काय संबंध? संबंध घरचा आहे. भारतीय फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद 2009 पासून 2022 पर्यंत आमच्या प्रफुल्लभाई पटेलांकडे होतं, आणि त्याच्या आधीचं वर्ष हंगामी अध्यक्ष म्हणून. काही काळ तर एकाच वेळी देशाची विमानं आणि देशाचा चेंडू दोन्ही त्यांच्याकडे होते. पैकी बिरसीचा विमानतळ आम्हाला मिळाला, त्याबद्दल जिल्हा कृतज्ञ आहे. 2010 चा तो प्रसिद्ध करार त्यांच्याच कारकिर्दीतला. 2017 ची सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात आली तीही त्यांच्याच काळात, 2019 मध्ये फिफाच्या परिषदेवर निवडून गेलेले पहिले भारतीयही तेच, हे श्रेय द्यायलाच हवं. त्यांच्या कार्यकाळाची मुदत 2020 च्या अखेरीस संपली, निवडणूक मात्र पुढे पुढे सरकत राहिली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिट्टी वाजवली. अधिकच्या वेळेचीही एक मर्यादा असते, हे फुटबॉलमधल्या माणसाला सांगावं लागलं. लगेच ऑगस्टमध्ये फिफानं बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देत भारतालाच निलंबित केलं, दहा-अकरा दिवसांत मागे घेतलं, आणि सप्टेंबरात कल्याण चौबे 33 विरुद्ध 1 मतांनी बायचुंग भुतियाला हरवून अध्यक्ष झाले. भारताचा सर्वांत नावाजलेला फॉरवर्ड आणि त्याला एक मत! मैदानावर त्याला एवढं घट्ट कुणी कधी धरलं नसेल.

तेव्हापासून सगळं बदललं म्हणावं तर ऑक्टोबर 2025 मध्ये घरच्या मैदानावर, मडगावला, आपण सिंगापूरकडून हरलो आणि 2027 च्या आशिया चषकाची दारं बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशानं हरवलं. 2025 च्या अखेरीस जागतिक क्रमवारीत आपण 142 वर होतो. पटेल काय, चौबे काय, खुर्ची बदलली तरी चेंडू तिथंच.

महासंघाच्या या माजी अध्यक्षाच्या, म्हणजे आमच्या, जिल्ह्यात फुटबॉल किती, हे कुणी विचारू नये. संध्याकाळी धानाच्या कापलेल्या बांधीत पोरं खेळताना दिसतात, तो चेंडू टेनिसचा असतो आणि हातात बॅट असते. अर्जुनी-मोरगावकडच्या बंगाली वसाहतींत एखादा म्हातारा ईस्ट बंगाल-मोहन बागान म्हटलं की खाटेवरून उठून बसेल, एवढीच आशा.

पळण्याचं खरं शास्त्र मात्र आमच्याकडे आहे. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मागच्या पटात मी एका काकाजींशेजारी बसलो होतो. जोडी सुटायच्या आधी ते उठून गेले, बैलाचा पुढचा खूर उचलून बघितला, पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवला, नाकपुड्यांजवळ कान नेला आणि परत येऊन बसले. "डाव्या अंगाचा दम कमी हाय जी," एवढंच बोलले. जोडी शेवटच्या टप्प्यात डावीकडे ओढली गेली आणि सेकंदाच्या घड्याळानं काकाजींच्या म्हणण्यावर शिक्का मारला. ड्रोन नाही, डेटा नाही, पंधरा हजारांचा सेन्सरवाला बनियन नाही. मी मोबाइलवर छांगटेची धाव दाखवली. त्यांनी दोनदा बघितली.

"पाय झकास हायेत. पन याले हाकते कोन?"

मी महासंघ, कंपनी, निविदा, न्यायालय सगळं समजावून सांगितलं. काकाजी म्हणाले, "म्हंजे आपल्या बैलावानीच."

मला आधी राग आला, मग वर्षं जुळवून बघितली. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. बैल गोठ्यात, फुटबॉलपटू मैदानात. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रातल्या शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानं त्यावर मोहोर उठवली. पट पुन्हा भरू लागले, रात्री झाडीपट्टीची नाटकं लागू लागली. आणि 2025 मध्ये बैल मैदानात, फुटबॉलपटू गोठ्यात. फरक एवढाच की पट बंद होता त्या सात वर्षांत कुठल्या धुरकऱ्यानं बैलाचा चारा थांबवल्याचं मी ऐकलं नाही.

तर परीक्षकाचा निकाल असा. मुंबई सिटी: वेग दहापैकी आठ, दम सात, कडेचा हल्ला एक माणूस कमी असूनही सात. क्लब सोडण्याचा वेग दहापैकी दहा. महासंघ: वेग शून्य, मात्र न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यातला दम वाखाणण्याजोगा. लीग: धावेल, कारण धावल्याशिवाय गत्यंतर नाही.

महासंघाला एक विनंती. पुढच्या मोसमाचं वेळापत्रक आमच्या भागात पऱ्हे टाकायच्या आधी, म्हणजे जूनच्या आत छापून आणा. विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्वेशन साठ दिवस आधी सुटतं आणि खालचा बर्थ पहिल्या पाच मिनिटांत संपतो.