माननीय संयोजक महोदय, आपल्या कृपेने माझा विकास झाला

माननीय संयोजक महोदय,
सात दिवसीय राष्ट्रीय ऑनलाइन अध्यापक विकास कार्यक्रम,



आपण पाठवलेलं प्रमाणपत्र पोहोचलं. सोनेरी किनार, तीन सह्या, दोन बोधचिन्हं, कोपऱ्यात क्यूआर कोड आणि नावापुढे 'अ' श्रेणी. मी वैजापूरला एका महाविद्यालयात शिकवतो. इतकं देखणं काही आमच्या स्टाफरूममध्ये क्वचितच येतं. अशा उपकाराची पोच खासगीत देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे पत्र खुलं ठेवलं आहे.

सर्वप्रथम उद्घाटन सोहळ्याबद्दल ऋण मानतो. दीड तासाच्या सत्रात दीपप्रज्वलनाचं छायाचित्र, संस्थाध्यक्षांचं मनोगत, प्राचार्यांचं प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय आपण बसवलात. पाहुण्यांना बोलायला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं उरली. त्यातली काही 'माझा आवाज येतोय का' यात गेली आणि बाकीची पडद्यावरचा इंग्रजी मजकूर वाचून दाखवण्यात. तो मजकूर आम्हालाही दिसत होता. तरी मोठ्या माणसाने आपल्यासाठी वाचून दाखवावं, हा मान कमी नव्हे.

प्रश्नोत्तरांची आपली पद्धतही फार सभ्य. मी चॅटमध्ये एक प्रश्न लिहिला होता. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत जून २०२४पासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. श्रेयांक आले, क्षेत्र प्रकल्प आला, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं, भारतीय ज्ञानप्रणाली आली. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रानात असतो. अंतर्गत मूल्यमापन नेमकं तेव्हाच येतं. वर्गात नसलेल्या त्या मुलांचं मूल्यमापन मी कोणत्या न्यायाने करावं, एवढंच मला विचारायचं होतं. आपण म्हणालात, 'फार छान प्रश्न आहे सर, शेवटी घेऊ.' शेवटी आभारप्रदर्शन झालं. प्रश्न अजून माझ्याजवळच आहे आणि मुलं अजून रानात जातात.

चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले, याबद्दलही आपला आभारी आहे. बरोबर उत्तरं चाचणीच्या आधीच व्हॉट्सॲपच्या गटावर फिरत होती. शेवटच्या अभिप्रायासाठी आपण 'उत्तम', 'अतिउत्तम' आणि 'सर्वोत्तम' असे तीन पर्याय दिलेत. त्यातला एक निवडल्याशिवाय प्रमाणपत्र उघडत नव्हतं. उरलेला अभिप्राय या पत्रात देतो आहे.

महोदय, हे सगळं एकट्या आपल्या माथी मारणं अन्यायाचं होईल. आपण वाट बांधली नाहीत, वाटेवर दुकान मांडलंत. १९८६चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं तेव्हा महाविद्यालयातल्या शिक्षकालाही शिकत राहायला हवं, हे सरकारने पहिल्यांदा इतकं गांभीर्याने घेतलं. १९८७पासून विद्यापीठांत ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं उघडली. आमच्या विद्यापीठातही उघडलं. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शब्द तेव्हा आपल्या बोलण्यात आले. तालुक्याचा प्राध्यापक तीन-चार आठवडे विद्यापीठात राहायला जायचा. सकाळी व्याख्यान, दुपारी ग्रंथालय, रात्री वसतिगृहाच्या खोलीत नांदेडच्या आणि कोल्हापूरच्या माणसाशी वाद. तिथली सगळीच व्याख्यानं चांगली होत असं नाही. पण वर्षानुवर्षं त्याच नोट्स काढून शिकवणारा माणूस आपल्या विषयाच्या दहा-वीस जणांत बसला, की आपण कुठे थांबलो आहोत हे त्याला कोणी न सांगता कळायचं.

त्याच काळात विद्यापीठ अनुदान आयोगाची आणखी एक योजना होती. महाविद्यालयातल्या शिक्षकाने पीएच.डी.साठी पगारी रजा घ्यावी आणि त्याच्या जागी येणाऱ्याचा पगार आयोगाने द्यावा. लोक तिला 'एफआयपी' म्हणत. मराठवाड्यातल्या कितीतरी प्राध्यापकांनी तिच्या बळावर संशोधन केलं. शिक्षकाला शिकायला वेळ लागतो आणि त्या वेळात वर्ग ओस पडता कामा नये, या दोन्ही गोष्टी त्या योजनेला समजलेल्या होत्या.

मग आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने आमच्या कामाला 'एपीआय' नावाचे कामगिरीचे गुणांक दिले. रिफ्रेशरला इतके, चर्चासत्रातल्या निबंधाला इतके, आंतरराष्ट्रीय म्हटलं की आणखी थोडे. त्यानंतर गावोगावी किती चर्चासत्रं आंतरराष्ट्रीय झाली, हे आपण जाणताच. एखादा नेपाळचा पाहुणा पुरेसा होई. २०१८च्या नियमावलीने गुणांकांचं जंजाळ कमी केलं. 'कॅस' या बढतीच्या योजनेत पहिल्या टप्प्यावर एकवीस दिवसांचं ओरिएंटेशन आणि त्याच्या जोडीला रिफ्रेशर, आठवड्याभराचा एखादा कार्यक्रम किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम यांपैकी काही, असा हिशेब ठेवला. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषात किती शिक्षकांनी असे कार्यक्रम केले याची टक्केवारी भरावी लागते. शिक्षक काय शिकला याचा रकाना कुठेच नाही. तो रिकामा रकाना आपण अचूक हेरलात, आणि त्यात आमच्यासाठी पाचशे रुपये नोंदणी शुल्काची सोय केलीत.

२०२०च्या टाळेबंदीत तर आपण आम्हाला क्षणभरही एकटं पडू दिलं नाहीत. मुलांकडे स्मार्टफोन नव्हते, होते त्यांना रेंज नव्हती. गोदाकाठच्या गावांतली मुलं शिक्षकाचा आवाज ऐकायला धडपडत होती. त्या दिवसांत आमच्या फोनवर प्रश्नमंजूषांचा पूर आला होता. 'कोरोना जनजागृती', 'महाराष्ट्राची लोककला', 'योगदिन'. चाळीस टक्के गुण मिळाले की ई-मेलवर प्रमाणपत्र हजर. ज्या शिक्षकाने त्या दिवसांत एकेका मुलाला फोन करून धडा समजावला, त्याला त्याचं प्रमाणपत्र कोणी दिलं नाही. त्याने मागितलंही नाही.

कार्यक्रमाबरोबर शोधनिबंध छापून देण्याची सवलतही आपण देऊ केलीत, तीही 'दोन दिवसांत तज्ज्ञ परीक्षणासह'. हा वेग पाहून मन भरून आलं. २०१८ साली डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी तपासली, आणि ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं दर्जाच्या कसोटीवर टिकली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नावं काढली. मग पुण्याच्या विद्यापीठाच्या मदतीने दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने तीही बंद केली. याद्या आल्या आणि गेल्या. आपले दर मात्र प्रत्येक यादीत टिकून राहिले.

आता एका खास उपकाराकडे वळतो. तो माझ्यावर झाला नाही, माझ्या सहकाऱ्यांवर झाला.

आमच्या स्टाफरूममध्ये मी कायम नोकरीवर आहे. माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर तासिका तत्त्वावरचे सहकारी बसतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या महाविद्यालयात जा, वर्ग त्यांच्या खांद्यावर उभे आहेत. सेट-नेट झालेले, पीएच.डी. झालेले, चाळिशीकडे झुकलेले लोक. २०१९मध्ये अनुदान आयोगाने अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये द्यावेत असं सांगितलं. आपल्या राज्याने २०२३ साली पदवीच्या तासासाठी ९०० ठरवले. ते पैसेही दर महिन्याला हातात पडतीलच असं नाही. सुट्टी लागली की तास नाही, तास नाही म्हणजे पैसे नाहीत. दर जुलैला पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच खुर्ची.

महोदय, आपल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'सर्व अध्यापकांसाठी खुले'. या शब्दांबद्दल माझ्या सहकाऱ्यांच्या वतीने आभार. त्यांनीही पाचशे रुपये भरले. मला प्रमाणपत्र कॅसच्या फाइलला लागतं, त्यातून पुढची वेतनश्रेणी मिळते. त्यांना कॅस नाही, कर्तव्य रजा नाही, सेवापुस्तिका नाही. ते भरतात ते पुढच्या मुलाखतीत कोणी विचारलंच तर दाखवता यावं म्हणून. आपली सत्रं चालू असताना त्यांतली एक बाई फोन टेबलावर ठेवून वर्गात जायची, कारण तास बुडाला तर नऊशे बुडतात. फोनवर आपले पाहुणे 'अध्यापकाचे सक्षमीकरण' या विषयावर बोलत होते. ती त्या वेळी सक्षमपणे शिकवत होती. आपल्या उपस्थितीपटात ती हजर होती आणि तिच्या वर्गातही. ज्यांच्याकडे इथलं एवढं शिकवणं आहे, त्यांना काहीही शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. आपण निदान त्यांच्याकडून शुल्क घेण्याइतकी तरी दखल घेतलीत.

शिक्षकाचा विकास झाला की काय होतं, हे आपल्याला ठाऊक नसेल असं मी म्हणणार नाही, कारण त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. प्राचार्य म. ना. वानखेडे तिथले. १९६०च्या दशकात ते अमेरिकेत शिकायला गेले. तिथल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य त्यांनी वाचलं, त्यांचा लढा पाहिला, आणि परत येऊन तो विषय महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरातल्या मुलांपुढे मांडला. मुलांना वाचायला लावलं, लिहायला लावलं, आपलं जगणं हा साहित्याचा विषय आहे हे ठासून सांगितलं. एक शिक्षक काही वर्षं शिकायला गेला आणि मराठी साहित्याचा नकाशा बदलायला हातभार लागला. १९७६ साली नागपूरला दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष वानखेडेच होते. पुढे लातूरच्या प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलं, तेही अशाच वाचनातून.

आपल्या कार्यक्रमांनी असं काही झालं असेल तर मला जरूर कळवा. मी पुन्हा आभाराचं पत्र लिहीन, आणि त्यातला प्रत्येक शब्द सरळ असेल.

आपल्या सात दिवसांवरून आठवलं, आमच्या भागात गंगागिरी महाराजांचा सप्ताह भरतो. श्रावणात सात दिवस, दरवर्षी वेगळ्या गावी. माणसं पावसापाण्यात जमिनीवर बसून कीर्तन ऐकतात, घराघरांतून आलेली भाकरी आमटीत कुस्करून खातात. परतताना एसटीत शेजारच्याला बुवांनी काय सांगितलं ते सांगत येतात, दृष्टांतासकट. आपल्या सात दिवसांनंतर मी वर्गात जाऊन मुलांना काय सांगितलं असेल, याचा विचार आपण एकदा करावा.

मला खरोखर काय हवं आहे ते आता आडपडदा न ठेवता लिहितो. माझा तास कोणीतरी येऊन पाहावा. मागच्या बाकावर बसावं. मी कुठे घाई केली, कोणत्या मुलीचा हात वर असूनही मला दिसला नाही, इंग्रजी संज्ञा मराठीतून उलगडताना मी कुठे अडखळलो, हे नंतर चहा पिताना सांगावं. मी त्यांचा तास पाहायला जावं. येवल्याच्या, कोपरगावच्या, गंगापूरच्या माझ्याच विषयाच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून एक पाठ तयार करावा. विद्यापीठाचं प्रशिक्षण केंद्र इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर आहे. तिथल्या तज्ज्ञाने सहा महिन्यांतून एकदा तालुक्याला यावं. त्याला सोनेरी किनार लागत नाही. जाण्या-येण्याचं भाडं आणि मोकळा दिवस लागतो, आणि हे दोन्ही देणं सरकारला परवडतं.

आपण अनुभवी आहात. पाचशे माणसं एका पडद्यावर जमवणं, वेळेवर लिंक पाठवणं, कोणाची फी राहिली ते लक्षात ठेवणं, हे सोपं काम नाही. एवढी संघटनशक्ती आपण एकदा खऱ्या कामाला लावावी, अशी हात जोडून विनंती आहे. पाच शिक्षक निवडा. त्यातले तिघे तासिका तत्त्वावरचे घ्या. शुल्क घेऊ नका, उलट त्या दिवसाच्या बुडालेल्या तासांचे पैसे त्यांना द्या. आणि त्यांच्या वर्गात जाऊन बसा.

वैजापूरला यायचं असेल तर रेल्वेने रोटेगाव स्टेशनवर उतरा, समृद्धी महामार्गाने आलात तर जांबरगावला. कापूस वेचणीच्या आधी या, म्हणजे मुलं वर्गात भेटतील. माझा पहिला तास सकाळी आहे. दीपप्रज्वलन नको, परिचय मी करून देतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
'अ' श्रेणीप्राप्त एक प्राध्यापक,
वैजापूर, जि. छत्रपती संभाजीनगर