भाव पाहून नीती ठरवण्याची सोपी रीत

शेअर घेण्याआधी जोखीम, मूल्य आणि नीती या तीन गोष्टी पारखाव्यात, असे जाणकार सांगतात. नवख्या गुंतवणूकदाराने हा क्रम थोडा बदलावा. आधी शेअर घ्यावा, मग निवांत पारखत बसावे. पैसे एकदा अडकले की कंपनीचे गुण फार भराभर दिसू लागतात.

जोखमीपासून सुरुवात करू. म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकावर सेबीने रिस्कोमीटर छापायला लावला आहे. त्यात सहा पायऱ्या असतात. काटा शेवटच्या, म्हणजे ‘अति जास्त’ पायरीवर दिसला तर दचकू नये, गेल्या वर्षीचा परतावा कुठे छापलाय ते शोधावे. ज्यांना काट्याची कटकटच नको, त्यांच्यासाठी फ्युचर्स-ऑप्शन्स आहेत. तिथे ॲप उघडताच एक सूचना येते की दहापैकी नऊ जणांना यात तोटा होतो. जुलै 2023 पासून ही सूचना दाखवणे ब्रोकरांना सक्तीचे आहे. ती वाचून आपल्या ओळखीतले नऊ जण मनात मोजावेत आणि ‘समजले’चे बटण दाबावे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले आणि तो तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता, असे सेबीनेच सांगितले. पुढच्या वर्षी तोट्यातल्यांचे प्रमाण 91 टक्क्यांवर आले, ही सुधारणा लक्षात ठेवावी. त्या एका वर्षाचा तोटा एक लाख कोटींच्या वर गेला, हे विसरले तरी चालेल.

आता मूल्य. बेंजामिन ग्रॅहॅमचे 1949 चे जाडजूड पुस्तक विकत घ्यावे आणि व्हिडिओ कॉलमध्ये मागे दिसेल असे ठेवावे. शेअरचे खरे मूल्य काढा, त्याहून बऱ्याच कमी भावात घ्या, म्हणजे चूक झाली तरी निभावते, असे त्यात म्हटले आहे. हे सगळे गणित आहे आणि गणिताला वेळ लागतो. त्याहून सोपा प्रश्न असा की आपल्यानंतर हा शेअर कोण घेईल आणि किती जास्त देईल? ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीतल्या एका दुचाकी विक्रेत्याने 12 कोटींचा आयपीओ आणला. दोन शोरूम आणि आठ कर्मचारी एवढाच त्याचा पसारा. अर्ज आले सुमारे 4,800 कोटींचे. एवढ्या अर्जदारांपैकी किती जण त्या शोरूममध्ये डोकावले असतील, हा प्रश्न खवचट माणसांनीच विचारावा. पी/ई कमी असेल तर ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणावे, जास्त असेल तर ‘ग्रोथ आहे’. घेतल्यावर भाव पडला तर ‘ॲव्हरेज’ करावे. आणखी पडला की आपण आपोआप लाँग टर्म गुंतवणूकदार होतो. त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागत नाही.

उरली नीती. हा विषय नाजूक आहे, कारण त्यात घरचे लोक येतात. ज्या घरात दारूचे नाव काढायची सोय नाही, तिथे दारू कंपनीचा डिव्हिडंड बिनबोभाट जमा होतो, आणि त्यातून मुलाच्या क्लासची फी भरली की तो शुद्धही होतो. मन खातच असेल तर एलआयसीकडे पाहावे. मुदत विम्यात ती धूम्रपान करणाऱ्याकडून जादा हप्ता घेते, आणि देशातली सर्वांत मोठी सिगारेट कंपनी असलेल्या आयटीसीचे सुमारे 15 टक्के शेअरही तिच्याचकडे आहेत. सिगारेट ओढणारा हप्ताही भरतो आणि नफाही मिळवून देतो. याहून समतोल पोर्टफोलिओ कुठला? सरकारी विमा कंपन्यांच्या या गुंतवणुकीविरुद्ध 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. त्या वर्षी किती पॉलिसीधारकांनी या कारणासाठी पॉलिसी सोडली? माझ्या ओळखीत तरी एकही नाही.

प्रवर्तकाची नीती ओळखायला भावासारखे साधन नाही. भाव चढत असेल तर माणूस ‘व्हिजनरी’, पडला तर ‘आम्हाला आधीच शंका होती’. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीला 2008 मध्ये उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्या संचालक मंडळाने प्रवर्तकांच्याच घरच्या दोन कंपन्या विकत घ्यायचे ठरवले. गुंतवणूकदार इतके भडकले की काही तासांत तो बेत रद्द करावा लागला. 7 जानेवारी 2009 रोजी कंपनीचे प्रवर्तक रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हजारो कोटींचे आकडे खोटे असल्याचे कबूल केले आणि त्या दिवशी शेअर तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. पुरस्कार मग परत घेतला गेला. बाजारात नीतीची जाणीव अशी एका दिवसात होते, बहुधा विकायला गिऱ्हाईक उरलेले नसते तेव्हा.

एवढे सांगूनही कुणाला घेण्याआधीच पारखायची खोड असेल, तर त्याने वार्षिक अहवालातले प्रवर्तकांच्या नातेवाइकांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार वाचावेत, आणि प्रवर्तकांनी आपले किती शेअर गहाण ठेवलेत ते एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर पाहावे. दोन्ही फुकट मिळते. या मार्गदर्शनात ते घेतले नाही, कारण ते वाचल्यावर बरेचसे शेअर घ्यावेसेच वाटत नाहीत.