सेक्रेटरींचा टॅब

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. ज्या सभेत निवड झाली तिला मी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता. सेक्रेटरी झाल्यावर कळलं की सोसायटी म्हणजे विटा-सिमेंट नव्हे, कागद. लेखापरीक्षण अहवाल, प्रॉपर्टी कार्ड, लिफ्टच्या देखभालीचा करार, आणि पाण्याच्या टाकीवरून दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यात झालेला पत्रव्यवहार. त्याची भाषा वाचून वाटावं, पाण्याचा नव्हे, संस्थानाच्या गादीचाच वाद चालू आहे.

हे सगळं पूर्वी एका पत्र्याच्या पेटीत होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून 55 फुटांवर गेली, तेव्हा ती पेटी नेमकी शाहूपुरीत एकांच्या घरी तळमजल्यावर होती. पाणी उतरल्यावर कागद गच्चीवर वाळत घातले, इस्त्री केले आणि स्कॅन केले. तेव्हापासून आमची सोसायटी पीडीएफमध्ये राहते.

या पीडीएफ मी घरच्या काँप्युटरवर वाचत असे. 24 इंची मॉनिटर आणि टेबलाखाली घरघरणारा सीपीयू. चालू करून चहा ठेवावा. चहा आधी व्हायचा. पुतण्याने एकदा हे बघितलं आणि त्याला माझी दया आली.

“काका, पीसी आता कोण वापरतंय? टॅब घ्या. नाद खुळा काम हाय! हा डबा मी नेतो, तुम्हाला अडगळ नको.”

शेवटच्या वाक्यातला त्याग मला तेव्हा फार भावला.

मी काही उतावळेपणाने खरेदी करणारा माणूस नाही. मी अभ्यास केला. 27 जानेवारी 2010 ला स्टीव्ह जॉब्जने पहिला आयपॅड दाखवला, तो व्हिडिओ बघितला. फोन आणि लॅपटॉप यांच्या मधे तिसऱ्या वस्तूला जागा आहे का, असा प्रश्न त्याने केला, आणि मग खुर्चीत रेलून पायावर पाय टाकून बोटाने वर्तमानपत्र सरकवून दाखवलं. ती बैठक बघून मी घायाळ झालो. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली. त्या माणसाला 30 सप्टेंबरच्या आत सोसायटीची वार्षिक सभा घ्यायची नव्हती.

दुकानात आठ इंची टॅबवर फुलपाखराचा व्हिडिओ चालू होता. फुलपाखरू फारच सुरेख होतं. शिवाय टॅब शबनममध्ये मावत होता. घरी आणल्यावर बायको एवढंच म्हणाली, “मी सांगतो तुम्हाला, ह्याच्यावर तुम्ही काम करणार नाही, मिरवणार.”

पहिला आठवडा मिरवण्यात गेलाही. रंकाळ्यावर बाकावर बसून मी टॅब उघडला. संध्याकाळचं ऊन असं काही पडलं होतं की पडद्यावर मला फक्त माझा चेहरा दिसत होता. तो मी बराच वेळ गंभीरपणे वाचला. बाजूचे निवृत्त मास्तर म्हणाले, “पाटी परत आली म्हणायची!”

खरं सांगायचं तर पुस्तकांपुरता तो टॅब सोन्यासारखा आहे. मराठी पुस्तकाचा नेहमीचा डेमी आकार साडेपाच बाय साडेआठ इंच. समास कापले तर तो आठ इंची पडद्यावर जवळजवळ पुस्तकाएवढाच दिसतो. 1886 चं कोल्हापूर गॅझेटियर मी रात्री दिवा मालवून, पांघरुणात, संस्थानचं पीकपाणी, घाटरस्ते असं करत करत बरंचसं वाचून काढलं. झोप लागली की ते नाकावर पडायचं. पण मूळ ग्रंथ पडला असता तर नाकच राहिलं नसतं.

घोड्याने पेंड खाल्ली ती सोसायटीच्या कागदांत. लेखापरीक्षण अहवाल ए-फोर आकाराचा, म्हणजे सव्वाआठ इंच रुंद. माझा पडदा उभा धरला तर जेमतेम सव्वाचार. पान बसतं, पण निम्मं होऊन. 12 पॉइंटचं अक्षर 6 पॉइंटचं होतं. पीडीएफ 1993 साली जन्माला आली तीच मुळी कुठल्याही यंत्रावर पान जसंच्या तसं दिसावं म्हणून. ती पडदा बघून ओळी मोडून घेत नाही. मग दोन बोटांनी ताणायचं. ताणलं की ‘विद्युत देखभाल’ दिसते, रक्कम पडद्याबाहेर. रक्कम आत ओढली की देखभाल बाहेर. एकदा मी पाण्याच्या मोटारीचा खर्च वॉचमनच्या पगारासमोर वाचला आणि वॉचमनकडे रात्रभर संशयाने बघितलं.

नोटीस काढायला बसलो, तर आधीच्या सेक्रेटरींची वर्डची फाइल टॅबवर उघडताच सभा रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांत भरली. ती जुन्या श्री-लिपीत केलेली. त्या काळच्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर गोंधळ. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधून येऊ शकतो म्हणून ती वाचता येते. काँप्युटरवर तो फॉन्ट होता. काँप्युटर पुतण्याकडे होता.

सभा पार्किंगमध्ये झाली. कागद वाचवायचा म्हणून मी छापील प्रती काढल्या नव्हत्या आणि हे अभिमानाने जाहीरही केलं होतं. अहवाल वाचायला टॅब उचलला, की पान आडवं. आडवा धरला, की उभं.

“सेक्रेटरी, आम्हाला दिसंना झालंय!”

टॅब हातोहात फिरायला लागला. प्रत्येकाने ताणला. कुणी सरकवला. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्यावर खर्चाचं पत्रक नव्हतं, मेहुण्याच्या लग्नातले फोटो होते, आणि पहिल्या रांगेतल्या वहिनी “ह्यो फेटा बरा दिसतोय की तुम्हाला” म्हणत होत्या. लेखापरीक्षण अहवाल त्या भरात एकमताने मंजूर झाला. माझ्या कारकिर्दीतला तो एकमेव बिनविरोध ठराव.

इतिवृत्त लिहायला नको म्हणून मी बोलून टंकण्याची सोय चालू ठेवली होती. तंत्र उत्तम आहे, नुसतं समोर एकेकाने बोलायला हवं. कोल्हापुरात असं होत नाही. घरी येऊन बघितलं तर ठराव असा: टाकी साफ करणे, सूचक दोन चहा साखर कमी, अनुमोदक गाडी काढा की राव. हे खरं तर सभेचं अचूक इतिवृत्त होतं, पण रजिस्टरला लावता येईना.

मग मी तेच केलं, जे अभ्यासात आधी करायला हवं होतं: पट्टी घेऊन बसलो. दहा इंची टॅब आडवा धरला तर ए-फोरची पूर्ण रुंदी खऱ्या आकारात मिळते, पण एका वेळी निम्मंच पान. साडेपंधरा इंची लॅपटॉपवर उंचीची तीच रड. आणि 24 इंची मॉनिटरची उंची पावणेबारा इंच, म्हणजे अख्खं ए-फोर पान, खऱ्या मापात. शेजारी दुसरंही मावतं. डावीकडे मागच्या वर्षीचा हिशेब, उजवीकडे यंदाचा. कागद वाचायचं माझ्या घरातलं सर्वांत चांगलं यंत्र मी अडगळ म्हणून देऊन टाकलं होतं.

पुतण्याकडे गेलो. माझ्या मॉनिटरवर मॅच चालू होती. सीपीयूत त्याने एसएसडी बसवून घेतली होती आणि तो आता चहाच्या आधी सुरू होत होता.

“परत घेऊन जाऊ का?” मी विचारलं.

“न्या की काका. पण मॅच संपू दे. आणि टॅब ठेवून जा.”

माझं मत आता पक्कं झालंय. पुस्तक, वर्तमानपत्र, पांघरूण आणि एसटीचा प्रवास याला टॅब. दोन कागद समोरासमोर ठेवायचे असतील, आकड्यांवर भांडायचं असेल किंवा जुन्या फॉन्टातली फाइल दुरुस्त करायची असेल, तर टेबल, कीबोर्ड आणि मोठा पडदा. पावसाळ्यात गाव सोडायची वेळ आली तर मात्र टॅबच. सीपीयू खांद्यावर घेऊन कुणी होडीत चढू देत नाही.

तेव्हा खरेदीला निघालात तर फुलपाखरू बघू नका. तुमच्या सोसायटीचा सर्वांत किचकट अहवाल फोनमध्ये घेऊन जा, दुकानातल्या टॅबवर उघडायला लावा आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक बोटाने न ताणता वाचून बघा. वाचता आलं तर घ्या. आणि घेतलात तरी घरचा काँप्युटर निदान वार्षिक सभा होईपर्यंत पुतण्याला देऊ नका.