वाजवता न येणाऱ्यांची गिटार

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या कंपनीने १९५४मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली आणि जगभरच्या वादकांनी ती गळ्यात अडकवली. त्याच धर्तीच्या गिटारचं किट मी मागवलं, तेव्हा "पण तुम्हाला वाजवता कुठे येते?" हा प्रश्न आधी बायकोने, मग मुलाने आणि शेवटी पार्सल घेऊन आलेल्या पोराने विचारला. तिघांनाही मी फेंडरचंच नाव सांगितलं. पटलं फक्त पार्सलवाल्याला. त्याला ओटीपी हवा होता.

खोकं उघडलं की रेडिओवाल्याचं डोकं दिसतं. मान धडाला चार स्क्रूंनी आवळायची. सरस नाही, कोरीव सांधा नाही. मान बिघडली तर काढा आणि दुसरी बसवा. ही सोय माणसांतही हवी होती, असं माझ्या स्पाँडिलायटिसचं स्पष्ट मत आहे.

पडदे मात्र आधीच ठोकून येतात, हे फार बरं. प्रत्येक घर मागच्यापेक्षा एका ठरलेल्या प्रमाणात लहान होत जातं आणि बाराव्या पडद्याशी तार बरोबर निम्मी होते. साडेपंचवीस इंचांची पावणेतेरा. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येतात. इथे एकदा ठोकला तो ठोकला. हे काम माझ्यावर सोपवलं असतं तर बारा सुरांऐवजी नवीनच काही निघालं असतं.

माझ्या वाट्याला घासकाम आलं. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग २४०, मग ४००. गॅलरीत वाळत घातलेल्या सगळ्या कपड्यांवर एकाच रंगाची बारीक भुकटी बसली. रंगासाठी पावसाळा सरेपर्यंत थांबावं लागलं, कारण दमट हवेत लॅकर मारलं की पांढुरकं पडतं. तोवर लाकडी धड हँगरला लटकत होतं आणि समोरच्या इमारतीतले काका रोज सकाळी विचारत, "आज कार्यक्रम का?"

घरच्या घरी गिटार करणाऱ्यांचे आदर्श म्हणजे ब्रायन मे आणि त्याचे वडील. १९६३मध्ये बापलेकांनी कामाला हात घातला. मान शेकोटीच्या जुन्या लाकडी चौकटीची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, ट्रेमोलोच्या दांड्याचं टोक आईच्या विणायच्या सुईचं. तीच गिटार तो पुढे क्वीनमध्ये वाजवत राहिला, आणि त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. हा किस्सा मी जेवताना सांगितला. त्यानंतर आमच्याकडे सुयांचा डबा कपाटात, कुलपाआड गेला.

फेंडरचा दाखला मिरजेत मात्र चालणार नाही. तिथला कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतो ती कानाने. घोडीचा माथा किंचित घासायचा, तार छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं. कान नसेल तर त्याने पेपर हातात धरू नये. इलेक्ट्रिक गिटार त्या मानाने उदार. पोलादी तार हलली की पिकअपमधल्या चुंबकाभोवतीच्या, केसाहून बारीक तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांत वीज उमटते आणि बाकीचं अ‍ॅम्प्लिफायर बघून घेतो. लाकडाने सुरात किती फरक पडतो, यावर गिटारवाले अजून भांडतात. ते भांडण मिटू नये अशी माझी इच्छा आहे. माझं लाकूड स्वस्तातलं आहे.

सोल्डरिंगच्या दिवशी घरभर राळेचा वास होता. केबल खोचली, अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला, आणि एकही तार न छेडता गिटार घुमू लागली. विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहाची ती घरघर. असल्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला ती जडलेलीच असते. १९५५मध्ये गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने दोन वेटोळी उलटसुलट जोडून तिच्यावर इलाज काढला, पण माझं किट त्याआधीच्या घराण्यातलं. आणखी गंमत म्हणजे आपलं शरीरही आसपासच्या वायरिंगची कुरकुर गोळा करून पिकअपकडे पोचवतं. तारा ब्रिजमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांना हात लावला की घरघर बरीच कमी होते.

मी तारांवर पंजा ठेवला. शांत. काढला, पुन्हा घूं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "हात ठेवल्यावर छान वाटतंय हो. तसाच ठेवा."