कोहमाऱ्यात बसून ज्वालामुखीचं दुर्मीळ खनिज ओळखा

आधी साहित्य जमवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिळा, टाईलचा तुकडा, घट्ट झाकणाची डबी आणि एक ज्वालामुखी. पहिल्या चार वस्तू कोहमाऱ्याच्या चौकात, फार तर सडक अर्जुनीला मिळून जातील. पाचवीसाठी जरा हिंडावं लागेल.

आपल्याला हवं आहे ते धूममुख. म्हणजे ज्वालामुखीच्या अंगावरची अशी भेग, जिच्यातून लाव्हा नाही, नुसते तापलेले वायू येतात. ते बाहेर पडताना निवतात आणि भेगेच्या कडेवर थेट स्फटिक धरतात. मध्ये पातळ व्हायची भानगडच नाही.

कोहमाऱ्याला ज्वालामुखी नाही म्हणून हिरमुसू नका. या मुलखात तो होता, तुम्हालाच यायला उशीर झाला. गोंदिया जिल्ह्यातला बिजली ऱ्हायोलाइट हा त्याच लाव्ह्याचा खडक, वय दोन अब्ज वर्षांहून जास्त. खडक टिकला. भेगांवरची नाजूक साय कशाला टिकते?

आज देशात जागतं ठिकाण एकच, अंदमानातलं बॅरन बेट. १७८७ सालच्या उद्रेकाची नोंद आहे. पुढे दीर्घ झोप काढून ते १९९१ मध्ये पुन्हा उठलं. पर्यटकांना ते बोटीतूनच बघावं लागतं. टाईल घासायला किनाऱ्यावर सोडत नाहीत.

तेव्हा सराव बाजारात करा. धूममुखांवर सापडणारा बराच माल आपल्याकडे सुटा मिळतो. गंधक आणि मोरचूद कृषी केंद्रात, हरताळ आणि मनशीळ काष्ठौषधीच्या दुकानात, नवसागर कल्हईवाल्याकडे. मोहाच्या मुलखात नवसागर मागताना जपून. ‘कायले पायजे जी? भट्टी लावता का?’ असा प्रश्न येणारच, आणि ‘खनिजशास्त्राचा अभ्यास करतो’ हे उत्तर आजवर कुठल्या पोलिसाला पटलं असेल असं वाटत नाही.

गंधक आणि हरताळ दोन्ही पिवळे, तिथे नवशिका फसतो. हरताळाचे पापुद्रे सुटतात; गंधक ठिसूळ, कटकन तुटतं. टाईलच्या खरखरीत पाठीवर मनशीळ नारिंगी रेघ ओढते. मनशीळ उजेडात फार दिवस ठेवली तर पिवळी भुकटी होऊन बसते, म्हणून ती डबीत ठेवायची. चव घेऊन खनिज ओळखायची जुनी रीत आहे खरी, पण हरताळ आणि मनशीळ या दोघांत आर्सेनिक आहे. चाखणाऱ्याचा पुढचा धडा होत नाही. शेगडीवर तापवून बघायचंही नाही.

इतकं जमलं, तरी हाती खनिज आलेलं नाही. कारखान्यात बनलेल्या नवसागराला शास्त्र खनिज म्हणत नाही. ते निसर्गाच्या हातचंच लागतं. माणसाच्या चुकीने पेटलेल्या कोळशाच्या ढिगावर सुरेख स्फटिक धरले, तरी नवं खनिज म्हणून त्यांची नोंद होत नाही. खनिजांची नोंद करणारा आंतरराष्ट्रीय आयोग या बाबतीत आपल्या तलाठ्याहून कडक आहे.

आता दुर्मीळ मालाकडे वळू. रशियातल्या कामचात्कामध्ये टोलबाचिक ज्वालामुखीचा १९७५-७६ मध्ये मोठा उद्रेक झाला. तिथल्या धूममुखांनी शास्त्राला शंभराहून अधिक नवी खनिजं दिली. २०२० मध्ये जाहीर झालेलं निळं-हिरवं पेट्रोव्हाइट त्यातलंच. कोहमाऱ्यात निळा खडा सापडला, तर मात्र तो मोरचूद समजून हात धुवा.

नवशिक्यांचा ठाम समज असतो की दुर्मीळ वस्तू देखणी असणार. एल साल्वाडोर देशातल्या इझाल्को ज्वालामुखीवरचं फिंगराइट बघा. तांबं, व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन यांचं हे संयुग काळं असतं आणि त्याचे कण इतके बारीक की भिंगालाही घाम फुटावा. त्याच कुळातल्या भेगांवर टेनोराइट हे तांब्याचं साधं ऑक्साइडही काळंच धरतं. डोळ्यांनी फरक सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्फटिकात कोणती मूलद्रव्यं किती आहेत आणि अणूंची मांडणी कशी आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. दुसऱ्याचं उत्तर क्ष-किरणांशिवाय सहसा मिळत नाही. म्हणजे साकोली, भंडारा मागे टाकून नागपूर गाठा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय तिथेच आहे. मोरचूद घेऊन मात्र जाऊ नका.

शेवटची सूचना प्रवासाची. फिंगराइट पावसात विरघळून जातं. एल साल्वाडोरचा पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर असतो. तिकीट काढायचंच तर जानेवारीचं काढा.