शेडकार्डकाका

नवरात्र सरतं, पाऊस यंदापुरता गेला अशी खात्री पटते आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये एक विशिष्ट गृहस्थ जिन्यात दिसू लागतात. वय साठीच्या पुढे, अंगात अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट, खिशात छोटा टॉर्च आणि काखेत जाडजूड शेडकार्ड. कुणाच्या दाराबाहेर पुट्टीच्या गोण्या दिसल्या की त्यांची पावलं थबकतात. दार उघडं असेल तर डोकावतात, बंद असेल तर बेल वाजवतात. मग भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक, कान देऊन क्षणभर शांतता आणि लगेच निदान: "प्लास्टर पोकळ आहे. वर कितीही भारी रंग मारा, दोन पावसाळ्यांत पोपडे धरणार."

त्यांना कुणी बोलावलेलं नसतं.

डोंबिवलीच्या टिळकनगरात ते असतात, कल्याणच्या खडकपाड्यात असतात, ठाण्याच्या वसंत विहारात तर एकाच इमारतीत दोन-दोन असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. सोसायटीतली मुलं त्यांना शेडकार्डकाका म्हणतात. हे त्यांना ठाऊक असतं आणि मनातून आवडतंही.

काकांनी रंगाच्या धंद्यात एक दिवसही काम केलेलं नसतं. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी एमटीएनएलमध्ये उभी हयात काढलेली असते. रंगाचं शिक्षण झालं ते चाळीतल्या दोन खोल्यांत, दर दिवाळीआधी. चुना आदल्या रात्री पिंपात भिजत घालायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि सकाळी वडिलांच्या देखरेखीखाली सगळ्या भावंडांनी कुंचले चालवायचे. ओला असताना मळकट दिसणारा चुना वाळला की लख्ख पांढरा होतो, हे त्यांनी तेव्हाच पाहिलं. पुढे सुकं डिस्टेंपर आलं. त्या भिंतीला टेकून बसलेला पाहुणा उठला की शर्टाची पाठ पिस्ता रंगाची, आणि परतीच्या लोकलमध्ये अख्ख्या डब्याला कळायचं की स्वारी कुणाकडे तरी चहा पिऊन आलीय. मग ऑइल बाउंड आलं, मग प्लास्टिक इमल्शन. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला, हातात ब्रश आणि डबा घेतलेला खोडकर गट्टू काकांच्या पिढीला घरचाच वाटायचा. तेव्हा रंग मोजके होते आणि त्यांची नावंही साडीच्या दुकानात चालत तीच: मोतिया, बदामी, अबोली, आकाशी. आता दुकानातलं टिंटिंग मशीन हजारो छटा बनवून देतं आणि प्रत्येकीला लांबलचक इंग्रजी नाव असतं. काका ते नाव वाचतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "म्हणजे बिस्किटीच."

पण त्यांना खरा चेव येतो तो "गडद की फिका" या प्रश्नावर.

घोडबंदर रोडवरचा एखादा टू बीएचके घ्या. नवरा-बायको दोघंही आयटीत. हॉलची एक भिंत गडद निळी करायची, हे इन्स्टाग्रामवर बघून पक्कं झालेलं. फोटोतल्या भिंतीपुढे पितळी दिवा आहे, कुंडीत मोठ्या पानांचं झाड आहे आणि शेजारी जमिनीपासून छतापर्यंत खिडकी आहे. काका फोटो न्याहाळतात. "खिडकी सुंदर आहे," म्हणतात. मग उलटतपासणी.

"तुमची खिडकी कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला, काका."

"आणि पूर्वेला काय आहे?"

"बी विंग."

इथे काका खुर्ची ओढून बसतात आणि चहा येणार असं गृहीत धरतात. रंग किती उजेड परत फेकतो याचं शून्य ते शंभर असं माप असतं, त्याला एलआरव्ही म्हणतात. पांढऱ्याशुभ्र इमल्शनचा आकडा ८०च्या पुढे जातो, कोळशी करड्याचा १०च्या आत राहतो. काका हे आकडे पाढे म्हटल्यागत म्हणून दाखवतात. "बी विंगला वळसा घालून जो काही उजेड तुमच्याकडे येणार, त्यातला दहातला नऊ हिस्सा ही भिंत गिळणार. मग भर दुपारी ट्यूब लावा, आणि महावितरणचं बिल आलं की माझी आठवण काढा. शिवाय गडद रंग डीप बेसमध्ये बनतो. त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जेमतेम, म्हणून तो भिंत लवकर झाकत नाही. दोन हातांचे तीन-चार हात होतात. पेंटरने सांगितलं का?"

पेंटरने सांगितलेलं नसतं. पण त्या घरातली बायकोही काही कच्ची नसते. "काका, वारल्यांच्या भिंती गडदच असतात की! गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. आणि ती तर आपल्या जिल्ह्यातली कला." मुद्दा बिनतोड आहे. वारल्यांचं पालघर २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं आणि जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रांसाठी २०११मध्ये पद्मश्री मिळाली. काका घोटभर चहा घेतात. मग म्हणतात, "अगदी बरोबर. पण त्या घरातली माणसं दिवसभर शेतावर असतात. तू घरातून ऑफिस करतेस."

काकांचा त्रास हाच आहे. ते आगंतुक असतात, लांबण लावतात, लष्कराच्या भाकऱ्या भाजतात आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

खडकपाड्यातल्या एका गृहिणीची तक्रार असते की दुकानदाराने भलताच डबा दिला. कार्डावर पिस्ता होता, भिंतीवर पोपटी झाला. काका डब्याच्या झाकणावरचा कोड कार्डाशी ताडून पाहतात. कोड तोच असतो. मग शिकवणी सुरू होते. कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा, भिंत दहा फुटांची. मोठ्या पृष्ठभागावर रंग नेहमीच जास्त ठसठशीत दिसतो. त्यात समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर तोच रंग फेकतात. इमल्शन वाळल्यावर आणखी एक पायरी गडद होतं, चुन्याच्या नेमकं उलट. म्हणून कार्डावर जो आवडला, त्याच्या वरची एक फिकी पट्टी घ्यावी.

तेवढ्यावर थांबले तर ते काका कसले? ते थेट पॅरिसला जातात. तिथल्या गोबेलँ या प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने रंग तपासला तर तो उत्तम होता. बाजूला विणलेल्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. या विषयावर त्याने १८३९मध्ये जाडा ग्रंथ लिहिला. "म्हणजे दोष शेजाऱ्यांचा!" असं म्हणताना काकांचा चेहरा खुलतो, कारण सोसायटीच्या कारभारातही त्यांचा निष्कर्ष बहुधा हाच असतो. "तुमचा सोफा डाळिंबी आहे ना वहिनी? मग त्याच्यामागे मोतियासुद्धा हिरवट दिसेल. दुकानदाराशी भांडून काय उपयोग?" वहिनींना आता सोफा बदलावासा वाटू लागतो. वहिनींचे यजमान काकांकडे अशा नजरेने बघतात की दुसरा माणूस असता तर उठून गेला असता.

आता ओल. ठाणे-डोंबिवलीत रंगाची कुठलीही चर्चा शेवटी ओलीपाशी येते, कारण इथला पाऊस चार महिने पश्चिमेकडून भिंतींना झोडपत असतो. फिक्या भिंतीवर ओलीचे पिवळे नकाशे उमटतात. गडद भिंतीवर लोणा फुटून पांढरी भुकटी दिसते. काका टॉर्च तिरका धरून डाग बघतात. "रंगाचा यात काही संबंध नाही. वरच्यांचं बाथरूम." सोसायटीच्या उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि संडास-बाथरूममधली ज्याची त्याने, हे कलम त्यांना तोंडपाठ असतं. ते घेऊन ते वरच्या मजल्यावर जातात. वरच्यांकडेही चहा होतो.

सगळी कला पणाला लागते ती वार्षिक सर्वसाधारण सभेत. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असतं, दुरुस्ती निधीत पैसे असतात आणि विषयपत्रिकेवर बाहेरच्या रंगाचा ठराव असतो. गणपूर्तीला दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी तेवढे सभासद लागतात. ते जमत नाहीत. सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच गच्चीवर, त्याच खुर्च्यांवर, त्याच नऊ जणांत नियमानुसार सुरू होते.

तरुण सभासद म्हणतात, गडद करडा करू, नव्या टॉवरसारखा. काका उठतात. मार्च-एप्रिलात कल्याण-डोंबिवलीचा पारा चाळिशी ओलांडतो. गडद भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते बेडरूममध्ये सोडते. मग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१मध्ये जाहीर केलेल्या पांढऱ्या रंगाची कथा येते. तो ९८.१ टक्के सूर्यप्रकाश परत फेकतो. आता कुणीतरी म्हणतं, मग सगळी इमारत पांढरीच करा. काका त्यालाही आडवे जातात. जुलैत छज्ज्यांखालून शेवाळाचे काळे ओघळ उतरले की पांढरी इमारत रडल्याचं ठाण्यापर्यंत दिसेल.

तिसरा सभासद गुलाबी सुचवतो. डोंबिवलीकरांना रंगांचं अप्रूप नसतं. जानेवारी २०१४मध्ये त्यांनी हिरवा पाऊस अनुभवला, फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झालेला पाहिला. "रस्त्याला मॅचिंग होईल," असं मागून कुणीतरी म्हणतं. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा तालुक्यातल्या भिंतघर गावाने सगळी घरं गुलाबी केली आहेत, असा दाखलाही निघतो. कुणाचे तरी कल्याणचे जावई सांगतात, आमच्या काळ्या तलावाला आता भगवा तलाव म्हणतात. तळ्याचा रंग बदलतो, मग इमारतीचं काय? सभेची गाडी इथून राजकारणात शिरणार, हे ओळखून सचिव काकांकडे बघतात.

काकांचा तोडगा तयारच असतो. अंग फिकं क्रीम; छज्ज्यांच्या कडा, पाइपांच्या बाजूचे पट्टे आणि जोत्यापासून कमरेपर्यंतचा भाग तपकिरी. ऊन लागतं तिथे फिका, पाणी ओघळतं आणि चिखल उडतो तिथे गडद. जिन्यात हात आणि डोक्याचं तेल लागतं तेवढ्या उंचीपर्यंत गडद ऑइल पेंट, वर पांढरा. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांपुढे कुठलाच रंग टिकत नाही, म्हणून तिथे देवांच्या टाइल्स. ठराव सर्वानुमते मंजूर होतो. स्टेशनबाहेर उभं राहून पाहिलं तर क्रीम आणि तपकिरी इमारतींची रांग दिसते, आणि इथल्या लोकांना कल्पनाशक्तीच नाही असं नवख्याला वाटतं. त्यातल्या बऱ्याच इमारतींत एकेक शेडकार्डकाका बोलून गेलेले असतात.

खुद्द काकांच्या घरी मात्र हॉलची एक भिंत गडद डाळिंबी असते. पाहुणे आश्चर्याने विचारतात तेव्हा काका खिडकीकडे बोट करतात: चौथा मजला, पश्चिमेला समोर काही नाही, संध्याकाळचं ऊन थेट आत. एवढ्या उजेडात गडद रंग शोभतोच, ओलीचंही भय नाही कारण वर गच्ची आणि तिला वॉटरप्रूफिंग केलेलं. कारणमीमांसा निर्दोष असते. आतून काकू पोह्यांच्या बशा घेऊन येतात आणि सांगतात, "हे चार दिवस पुण्याला गेले होते, तेव्हा मी रंगवून घेतली."

तेव्हा यंदा घर रंगवायला काढणार असाल तर एवढं करा. आवडलेल्या दोन छटांचे, एका गडद आणि एका फिक्या, सर्वांत छोटे डबे आणा. ज्या भिंतीला लावायचा त्याच भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन काढून दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा. ओल असेल तर आधी ती काढा, मग रंगाचं बोला. आणि हे सगळं दार लावून करा. पुट्टीची गोणी जिन्यात ठेवलीत तर चहाला एक कप जास्त टाका.